एक आणा चार पै

दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती आणि आमच्या मुलुंडच्या घरात जेवणाच्या टेबलावर दोन कागद पडले होते. एक होता पाचवीतल्या आमच्या कन्येच्या गृहपाठाचा आणि दुसरा आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा. दोन्ही शेवटी माझ्याकडेच यायचे होते. कारण पहिल्यावर 'पालकांची सही' अशी रेघ होती आणि दुसऱ्यावर 'हिस्सा' असा रकाना. गृहपाठावर सही करून मी मोकळा झालो असतो. पण सही करता करता नजर वर गेली, आणि नजर गेली म्हणून हा सारा प्रपंच.

पहिलेच उदाहरण होते : ३/४ − १/३. कन्येने वरच्यातून वरचा आकडा वजा केला होता आणि खालच्यातून खालचा. तिनातून एक गेला, राहिले दोन. चारातून तीन गेले, राहिला एक. दोन छेद एक, म्हणजे दोन. खाली दुहेरी रेघ मारून तिने उत्तराला चौकटही घातली होती.

"अगं, पाऊण भाकरी घेतलीस, त्यातून एका भाकरीचा तिसरा हिस्सा कुणाला दिलास, तर दोन भाकऱ्या उरतील का?"

"उरतात बाबा. करून बघा."

खरे सांगायचे तर मला तिच्यावर रागावायचा अधिकारच नव्हता. पस्तीसेक वर्षांपूर्वी शाळेच्या फळ्यासमोर उभे राहून मीही हेच उत्तर दिले होते. गुरुजींनी खडू खाली ठेवला, वर्गाकडे वळले आणि म्हणाले, "हे पाहा कुबेर! पाऊण रुपया घेऊन बाजारात जातात, खरेदी करतात आणि येताना दोन रुपये घेऊन येतात." वर्ग हसला. मीही हसलो, पण त्या दिवसापासून शाळा संपेपर्यंत माझे नाव कुबेर राहिले आणि त्याच दिवशी गणिताचे व माझे बोलणे बंद झाले. पुढे मी कला शाखेला गेलो, मराठी घेऊन एम. ए. झालो, आज कॉलेजात मराठी शिकवतो. आणि उत्तरपत्रिका तपासून झाल्या की गुणांची बेरीज हळूच सौभाग्यवतींच्या पुढे सरकवतो. गुरुजींनी उत्तर चुकले हे सांगितले होते, रीतही सांगितली होती : लसावि काढा. का काढा, ते राहून गेले. हा 'लसावि' मला पुढे बरीच वर्षे कोणाचे तरी आडनाव वाटत असे.

आमचा हा संवाद चालू असताना आई स्वयंपाकघरात कोजागरीच्या दुधाबरोबर म्हणून नारळाच्या वड्या थापत होती. तिथूनच तिचा आवाज आला :

"सहा आणे आठ पै!"

कन्येने माझ्याकडे पाहिले, मी आईकडे. आईचा जन्म १९४७ चा. चिपळूणजवळच्या एका खेड्यात ती शाळेत गेली, तेव्हा सकाळी वर्ग भरला की सगळ्यांनी एका सुरात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हणायची, आणि सूर थांबला की शिकवणाऱ्याचा हात उठायचा. तिने हात पदराला पुसले आणि हिशेब सांगितला. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. पाऊण रुपया म्हणजे बारा आणे. रुपयाचा तिसरा हिस्सा म्हणजे पाच आणे चार पै. बारा आण्यांतून पाच आणे चार पै गेले, उरले सहा आणे आठ पै. झाले!

मी कागदावर मांडून पाहिले. रुपयाच्या पै एकशे ब्याण्णव. सहा आणे आठ पै म्हणजे ऐंशी पै. ८०/१९२ ला सोळाने संक्षेप दिला की ५/१२. पुस्तकामागे छापलेले उत्तर हेच.

आईने लसावि काढला नव्हता. तिला तो काढावाच लागला नाही. सरकारी टांकसाळीने तो आधीच काढून ठेवला होता. एकशे ब्याण्णव ही संख्याच मोठी सोशिक. तिला दोनाने भागा, तिनाने भागा, चाराने, सहाने, आठाने, बाराने, सोळाने. कुठेच ती कुरकुरत नाही. सोनाराचा तोळाही त्याच बिरादरीतला : बारा मासे, मासाच्या आठ गुंजा, तीन बहिणींत वाटला तरी प्रत्येकीला चार मासे. घड्याळाचा तासही तसाच. माझा कॉलेजला जायचा वेळ पाऊण तास. त्यातला तासाचा तिसरा हिस्सा मी लोकलमध्ये उभा असतो. पंचेचाळीस मिनिटांतून वीस गेली, पंचवीस उरली, आणि पंचवीस मिनिटे म्हणजे तासाचे पाच बारांशच. हे मी रोज करत होतो आणि मला गणित येत नाही असेही रोज सांगत होतो.

मग १ एप्रिल १९५७ उजाडला आणि रुपयाचे शंभर नये पैसे झाले. (त्यांतला 'नया' १९६४ च्या जूनमध्ये गेला.) आई तेव्हा दहा वर्षांची. दशमान पद्धतीने हिशेब सोपे झाले यात वाद नाही. पाचवा हिस्सा, जो आणे-पैच्या राज्यात कधीच नीट बसला नव्हता, तो आता वीस पैसे होऊन ऐटीत बसला. पण तिसरा हिस्सा मात्र बेघर झाला. तेहेतीस पैसे म्हणावे तर थोडे उरतात, चौतीस म्हणावे तर पुरत नाहीत. कन्येने मोबाइलवर पंचाहत्तरातून तेहेतीस पूर्णांक तेहेतीस वजा करून पाहिले आणि विचारले, "आजी, तुमच्या वेळी पैसे जास्त चांगले होते का?" आई म्हणाली, "चांगले होते, पण हातात नव्हते."

मराठीचा मास्तर असल्यामुळे माझे लक्ष आता शब्दांकडे गेले. आपल्या भाषेत अपूर्णांकांना केवढी माया आहे! 'पाऊण' हा शब्दच मुळी एक वजाबाकी आहे. पाद म्हणजे चौथा भाग. तो ऊन, म्हणजे उणा, तो पादोन. एकातून पाव काढला, राहिला तो पाऊण. 'पावणेआठची लोकल' म्हणताना आपण आठातून पाव वजा करतो आणि तेही जिना उतरता उतरता. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. साडे म्हणजे सार्ध, अर्ध्यासकट. 'अडीच'च्या मुळाशी अर्धतृतीय आहे : दोन पुरे आणि तिसरा अर्धा. साडेतीनला तर 'औट' असा खास शब्द होता, अर्धचतुर्थावरून आलेला. औटकी म्हणणारी पिढी गेली आणि शब्दही गेला. जुन्या हिशेबाच्या वह्यांत पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणाला तीन. वही वाचणाऱ्याला आकड्यांची भीती वाटायला वावच नव्हता.

पण या सगळ्या गोतावळ्यात तिसरा हिस्सा कुठे आहे? पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच : सगळी एकाच घरची माणसे, चाराच्या छेदातली. तिसऱ्या हिश्शाला ना रेघ, ना पाढा, ना रोजच्या बोलण्यात घरगुती नाव. 'तृतीयांश' म्हणायचे तर शाळेत गेल्यासारखे वाटते. प्राचीन इजिप्तच्या लेखनिकांचे नेमके उलटे होते. सुमारे इ. स. पूर्व १५५० मध्ये लिहिलेला ऱ्हाइंड पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातले अपूर्णांक जवळजवळ सगळे एक अंशाचे, पण दोन तृतीयांशाला मात्र स्वतंत्र खूण. ज्याच्या त्याच्या घरी जो तो लाडका!

आणि घरोब्यातल्या अपूर्णांकांची वजाबाकी कोणालाही येते. पाऊणातून पाव गेला, अर्धा राहिला. इथे रीत विचारावी लागत नाही. पंचाईत होते ती परक्या घरच्या माणसाशी व्यवहार करताना. आपल्या इतिहासातही हा व्यवहार झालेला आहे. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आला. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे दहावा. एकाचा छेद चार, दुसऱ्याचा दहा. दोन्ही मिळून किती आणि बाकी काय, हे वीस भाग केल्यावाचून समजत नाही : पाच आणि दोन, सात वीसांश, बाकी तेरा. शाळेत आम्ही चौथाई-सरदेशमुखी पाठ केली, टीप लिहा म्हणून लिहिली. ही वजाबाकी मात्र कोणी करायला सांगितली नाही.

एव्हाना आईने चौकोनी ट्रे टेबलावर आणून ठेवला होता. वड्या पाडायच्या होत्या. कन्येच्या हाती सुरी देऊन ती म्हणाली, "आधी उभे चार भाग कर." तीन उभे छेद पडले. "यातले तीन तुझे. तुझा पाऊण ट्रे. आता आडवे तीन भाग कर." दोन आडवे छेद पडले. वड्या झाल्या बारा. पाऊण ट्रे म्हणजे नऊ वड्या. ट्रेचा तिसरा हिस्सा, म्हणजे एक आडवी ओळ, चार वड्या. नवांतून चार गेल्या, पाच राहिल्या. बारांतल्या पाच.

'छेद' या शब्दाचा अर्थ मला त्या क्षणी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सुरीच्या टोकाशी दिसला. छेद म्हणजे काप. खालचा आकडा हा मोजायचा आकडाच नव्हे. वडी केवढी पाडली आहे ते तो सांगतो. मोजायचा तो वरचा, अंश. चाराच्या मापाची वडी मोठी, बाराच्या मापाची लहान. मोठ्या वड्यांतून लहान वड्या वजा कशा करणार? आधी दोन्हींना एकाच मापाने कापले पाहिजे. छेदातून छेद वजा करणे म्हणजे सुरीतून सुरी वजा करणे. गुरुजी, एवढेच सांगितले असते तर!

मग उत्साहाच्या भरात मी कपाटातून 'लीलावती'चे मराठी भाषांतर काढले. पुस्तक घरात होते ते प्राचीन वाङ्मय म्हणून, गणित म्हणून नव्हे. समान छेद करण्याला आपल्याकडचा जुना शब्द 'सवर्णन' : वेगवेगळ्या वर्णांचे एका वर्णात आणणे. माणसांच्या बाबतीत आपण जे शेकडो वर्षे होऊ दिले नाही, ते आकड्यांच्या बाबतीत मात्र विनातक्रार करत आलो. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त लसाविला 'निरुद्ध' असे नाव देऊन त्याचा उपयोग सांगितला. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी रीत सांगितली ती अशी : एकाच्या छेदाने दुसऱ्याचे अंश आणि छेद दोन्ही गुणावेत, दुसऱ्याच्या छेदाने पहिल्याचे, आणि शहाण्याने आधी छेदांना आपसांत संक्षेप द्यावा, म्हणजे गुणाकार लहान होतो. भास्कराचार्य आपल्याला परके नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या घराण्याचा १२०७ चा शिलालेख आहे. तिथे त्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता.

आणि त्यांचे ते भुंग्यांचे उदाहरण! एका थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर, आणि या दोन हिश्शांच्या वजाबाकीची तिप्पट कुड्यावर. एकच भुंगा उरला, केतकी आणि मालती या दोघींच्या सुगंधात घोटाळत. तर भुंगे किती? कन्येने उदाहरण सोडवले, मी फक्त पेन्सिल धरली. तिसऱ्यातून पाचवा म्हणजे पाच पंधरांशांतून तीन, राहिले दोन. तिप्पट केले, सहा. तीन, पाच आणि सहा मिळून चौदा पंधरांश. उरला एक, तोच तो बिचारा. भुंगे पंधरा. या वजाबाकीला आचार्य शब्द वापरतात 'विश्लेष', आणि संस्कृत काव्यात तोच शब्द प्रियजनांच्या ताटातुटीला येतो. वर्गात शृंगाररस शिकवताना हे उदाहरण मला कधी सुचले नव्हते.

कन्येच्या गृहपाठावर सही झाली. टेबलावर दुसरा कागद राहिला.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. आमची ही जागा चारशे ऐंशी चौरस फुटांची. बाबांनी आणि आईने ती दोघांच्या नावावर, निम्मी निम्मी, स्वतःच्या कमाईतून घेतली. बाबा मृत्युपत्र न करता गेले. आता इमारत पाडून नवी होणार, म्हणून कोणाचा हिस्सा किती ते लेखी द्यायचे होते. मी पेन्सिलीने भरून ठेवले होते : आई १/२, मी १/४, बोरिवलीची धाकटी बहीण १/४. आईचा अर्धा तिच्याकडे आहेच, बाबांचा अर्धा आम्हा दोघा भावंडांत. किती सुबक दिसत होते! अर्धा, पाव, पाव. आईनेही पाहून मान डोलावली होती. पण चार दिवसांपूर्वी वकिलांना फोन केला, तेव्हा ते तीनच शब्द बोलले : "आईही वारस आहेत." १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्यामागे बायकोला मुलांच्या बरोबरीने एक हिस्सा. म्हणजे बाबांच्या अर्ध्याचे भाग दोन नव्हेत, तीन. माझा हिस्सा पाव नाही, सहावा. मी बरे म्हणून फोन ठेवला आणि चार दिवस त्या कागदाला हात लावला नाही. पावातून सहावा गेला तर किती, हे मला येत नव्हते. आणि 'थोडासाच फरक असेल' असे मनाशी म्हणून ठेवले होते.

मी कन्येला म्हटले, "आणखी एक कर. एक छेद चार वजा एक छेद सहा."

ती आता पटाईत झाली होती. "चार आणि सहाचा लसावि बारा. तीन वजा दोन. एक छेद बारा."

सकाळच्या तिच्या रीतीने केले असते तर एकातून एक जाऊन वर शून्य आले असते. म्हणजे आईचे मी काहीच घेतले नाही, असे गणिताने सिद्ध झाले असते.

चारशे ऐंशीचा बारावा हिस्सा चाळीस चौरस फूट. माझ्याकडून चाळीस, बहिणीकडून चाळीस. ऐंशी. आमच्या घरात दहा बाय आठ मापाची एकच खोली आहे. मी मान वर करून तिकडे पाहिले. ओट्यापाशी आई खोबऱ्याची परात धूत होती.

आपण काही लबाडी केली नव्हती, हे मी स्वतःला दोनदा सांगितले. खरेच केली नव्हती. पाव-अर्ध्याच्या भाषेत वाढलेल्या माणसाला तिसरा हिस्सेदार दिसला नाही, इतकेच. पण तिने मान डोलावली होती आणि मीही ती डोलवू दिली होती.

मी आत गेलो आणि सगळे सांगितले. आईने परात पालथी घातली, ओटा पुसला आणि मनाशी काहीतरी पुटपुटली. मला वाटले, देवाचे नाव घेते आहे. ती हिशेब करत होती.

"चार आण्यांतून दोन आणे आठ पै गेले," ती म्हणाली. "एक आणा चार पै. तुझे एक आणा चार पै, तिचे एक आणा चार पै. म्हणजे मी आठ आण्यांची नाही. दहा आणे आठ पैची."

"तू आधी का बोलली नाहीस?"

"मला काय ठाऊक कायदा? तू शिकलेला. म्हटले, केले असेल बरोबर." मग थोडे थांबून म्हणाली, "खोड आता ते पेन्सिलीचे."

मी रबर शोधून खोडले आणि शाईने लिहिले : आई २/३, मी १/६, बहीण १/६. मग बोरिवलीला फोन लावला. बहिणीला पाव आणि सहावा यांतला फरक सांगताना मी आणे-पैवरून सुरुवात केली.

"आणा चार पै म्हणजे किती रे, दादा?"

"चाळीस चौरस फूट. माझे चाळीस आणि तुझे चाळीस."

फोनवर थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "म्हणजे स्वयंपाकघर."

"हो."

"ओटा, फडताळ आणि ती खिडकी."

"हो."

"मग लिहून टाक की. मला काय विचारतोस? आणि आईला सांग, वड्या ठेव म्हणावे, मी रविवारी येते."

वड्या ठेवायला म्हणून मी ट्रेपाशी गेलो. चार वड्यांची आडवी ओळ आईने शेजारी पाठवली होती, म्हणजे हव्या होत्या आठ : कन्येच्या वाट्याच्या पाच आणि आमच्या तीन. मोजल्या तर सातच. कन्येला विचारले, तर ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "बाबा, छेद बाराच आहे. फक्त अंश कमी झाला."